कासवाच्या टाकीपाशी आलेला माणूस

हे माझ्याशी घडलंय. ऐकीव नाही. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी २०१८. दुपारचे तीन.

मी उर्वशी. गाव मारेगाव तालुक्यातलं, पण शाळेपासून यवतमाळलाच होस्टेलवर. बीएस्सी झाल्यावर दोन महिने कोकणात गेले. समुद्रकाठच्या एका कासव केंद्रात, स्वयंसेवक म्हणून.

केंद्र म्हणजे पत्र्याचा एक हॉल. भिंतीवर फोटो, मधे कासवाचा सांगाडा, कोपऱ्यात निळी टाकी. टाकीत एक मादी होती. जाळ्यात अडकून तिच्या पुढच्या पायाला खोल जखम झाली होती. येणाऱ्यांना माहिती सांगायची, एवढंच माझं काम.

त्या दुपारी कोणीच नव्हतं. लाईट गेलेली. गावातल्या उज्ज्वलाताई चहापाण्याचं बघायच्या, त्या दारातच बसून तांदूळ निवडत होत्या. दार एकच.

मी टाकीतलं पाणी बदलत होते.

आणि मागून आवाज आला…

"हे काय होय, बाई?"

मी चमकून वळले. वऱ्हाडी! दीड महिन्यात पहिल्यांदा आपली बोली कानावर पडली होती.

चाळिशीचा माणूस. मळका सदरा, खांद्यावर दुपट्टा. डोळे लालभडक.

"कासव आहे, काका. तुम्ही कुठले?"

"मारेगावाकडचा."

मला इतका आनंद झाला की हा माणूस आत कधी आला, हे विचारायचंच राहिलं.

"जवळ या ना, बघा."

"मले दिसून नाही राह्यलं. तुमीच सांगा कशी हाय थे."

मी सांगितलं. पाठ परातीएवढी, शेवाळी रंगाची. डोळे मोठे. पायावर पांढरी पट्टी.

"पट्टी कायले?"

"जाळं रुतलं होतं. डॉक्टर आले होते तिच्यासाठी."

"डॉक्टर आलता?" तो थांबला. "किती वेळानं?"

"फोन केल्यावर दोन तासांत."

"सलाईन लावलं?"

"हो."

"दोन तासांत…"

तो हसला. खरं सांगते, तसं हसणं मी परत ऐकलं नाही. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग वास आला. कपाशीवर मारतात त्या औषधाचा. घशाला टोचणारा.

समुद्राच्या वाऱ्यात हा वास कुठून…?

"तुमी मारोतरावची पोरगी ना?"

माझे हात थांबले. मी त्याला बाबांचं नाव सांगितलंच नव्हतं.

"बाबाले सांगा, पंप घेणाऱ्याच्या तोंडाले फडकं बांधत जा म्हणा. फवारतानी वारा पाहत जा म्हणा."

"काका, तुमचं नाव काय?"

"देवसिंग."

त्याला बसायला द्यावं म्हणून मी खुर्ची ओढायला वळले. दोन पावलं. तेवढंच.

परत पाहिलं तर…

कोणी नव्हतं.

मी दाराकडे धावले. उज्ज्वलाताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"कसला गं वास हा? औषध सांडलंस का काही?"

"ताई, आत्ता तो माणूस बाहेर गेला ना?"

"कोण माणूस? जेवणापासून मी इथेच आहे. आत कोणी आलं नाही."

टाकीतली मादी त्याच कडेला तोंड टेकवून होती, जिथे तो उभा होता. संध्याकाळपर्यंत हलली नाही.

मी आईला फोन लावला. देवसिंग कोण, विचारलं.

आईनं उलट मलाच विचारलं. 

"तुले कोणं सांगतलं?"

तेव्हा कळलं. देवसिंग शेजारच्या तांड्यावरचा. ऑक्टोबरात आमच्या कपाशीवर तोच फवारत होता. पुरुषभर उंच कपाशी, अंगात साधा सदरा. तिसऱ्या दिवशी त्याला दिसेनासं झालं, उलट्या लागल्या. बाबा म्हणाले, ताक पाजा, उतरून जाईल. दोन दिवस ताकच पाजलं. आमच्या अंगणात मोटारसायकल उभी होती. मग त्याला दवाखान्यात नेलं, आणि तिथे तो गेला.

त्या दिवसांत फवारणीनं माणसं गेल्याचं मी पेपरात वाचत होते. आपल्या घरचं कोणी नाही, म्हणून पान उलटत होते.

मार्चमध्ये घरी गेले. बाबांना त्याचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द.

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"उन्हानं डोकं फिरलं तुहं," एवढंच म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. देवसिंगची बायको, सोनीबाई, दारात बसली होती. तिला कसं सांगावं कळेना. तरी सांगितलं सगळं. टाकी, पट्टी, डॉक्टर, दोन तास.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. 

"आंधळा माणूस. तेवढ्या दूर गेला?"

"हो, काकू."

"अन् मी इथं रोज रात्री कवाड उघडं ठेवून राह्यली," ती म्हणाली. "घरी काहून नाही आला तो?"



त्या पावसाळ्यात आमच्या शेतात परत फवारणी झाली. पंप दुसऱ्या कोणाच्या पाठीवर होता. बाबांनी त्याला फडकं दिलं का, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सोनीबाई आजही रस्त्यात भेटते.  थांबते, आणि मी काही सांगीन म्हणून वाट पाहते.