माझं गुडघं तुमच्याकडं हायेत

"ओ भाऊ, माझं गुडघं तुमच्याकडं हायेत!"

रसवंतीपुढं उसाचा रस पीत उभा असलेला तो माणूस. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग वाकून सोताच्या गुडघ्यांकडं.

"न्हाई बाई," म्हणला, "हे माझंच. जुनं हायेत, पर माझंच."

"तुमच्या काखेत हायेत ते. एक्स-रे!"

दौंडच्या दवाखान्यात फोटोची पाकिटं बदलली व्हती. डॉक्टरनी माझं म्हणून पाकीट उघडलं, तर आत सतीश नावाच्या कुणाचं तरी गुडघं. मी लंगडत भाईर आले, तर हा बाबा माझी हाडं काखंत मारून निवांत रस पितोय!

त्यानं फिल्म काढली, उन्हाकडं धरली. मला वाटलं लाजंल. कुठलं!

"चांगलंयेत की," म्हणला. "जरा बाहेरून वाकलेत... पर चांगलंयेत."

"बाईमाणसाचं गुडघं असं भर रस्त्यात बघत्यात व्हय?"

"तुम्ही माझं बघितलं न्हाईत?"

"बघितलं. काय खास न्हाईत."

तो असा हसला, की ग्लासातला रस हिंदकळला. मग रसवाल्याला म्हणला, "बाईंना एक फुल दे. बर्फ नको. हाडं नाजूक हायेत त्यांची — आत्ताच बघितली मी."

आयला... म्हणलं, हा आपल्याच जातकुळीतला निघाला. म्हंजी खोडकरांच्या.

मी सुलक्षणा. शिरूरच्या स्टँडसमोर माझी भज्यांची गाडी हाय. जास्त शहाणपणा करणाऱ्या गिऱ्हाइकाला बटाट्याच्या भज्यात अख्खी मिरची घालून देते, फुकट. लग्न न्हाई केलं. खरं सांगायचं तर झालं न्हाई. पाय जन्मापासनं धनुष्यासारखं वाकडं, त्यात सारी हयात गाडीमागं उभं राहण्यात गेली. डावा गुडघा आतल्या बाजूनं झिजून गेला. रात्री कुशीवर वळताना तोंडातनं आईचं नाव निघायचं.

धाकटा भाऊ रविराज म्हणला, "अक्का, पन्नाशी आली. आता गुडघा बदलून कुठं नाचायला जायचंय? गोळ्या खा, गाडी बंद कर, घरी बसून पोरं सांभाळ."

मी म्हणलं, "नाचायलाच जायचंय."

डॉक्टर म्हणले व्हते, बाहेरची बाजू कोरी करकरीत हाय, आतली तेवढी गेलीय. तेवढीच बदलायची, बाकीचा गुडघा देवानं दिलेलाच ठेवायचा. हे ऐकून सारं स्टँड काळजीत पडलं. "अर्धाच? मग उरलेला कवा?" एक ड्रायव्हर तर तोंड पाडून म्हणला, "अक्का, अर्धं काम करून गाडी सोडली तर घाटात बंद पडती."

त्याला मिरचीचं भजं दिलं आन् ऑपरेशनला गेले.

शुद्धीवर आले तर गुडघ्यात कुणीतरी इंगळ ठेवल्यावानी. दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी सोनम आली, वॉकर पुढं ठेवला न् म्हणली, "उठा मावशी." तिला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. पर व्हरांड्यात आले, आन् समोरनं दुसरा वॉकर टकटक करत येताना दिसला...

"माझं वाकडं गुडघं कसं हायेत?" सतीश म्हणला.

"तुमचं कवा झालं माझं?"

"भाड्यानं सांभाळलेत तासभर."

त्याचा उजवा, तोही अर्धाच. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. शिफ्टभर लोखंडी शिड्या चढायच्या आन् उतरायच्या, त्यात गेला गुडघा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लगीन होऊन नाशकाला. सांगताना सारं हसतहसत सांगितलं, पर एकदा मधीच थांबला, खिडकीभाईर बघितलं... मीही मग गप राहिले. मला गप राहता येतं, हे मलाच नवीन व्हतं.

तेवढ्यापुरतंच. तो खुर्चीवर टेकला, तशी मी त्याच्या वॉकरचं चारी पाय एकेक भोक आत सरकवलं. उठला, तर वॉकर कमरंच्या खाली!

"सोनम मॅडम," तो घाबरून वराडला, "ऑपरेशननं माझी उंची वाढली का काय?"

मी हसले न् टाक्यांत कळ आली. तरी हसले. त्यानं वॉकर उलटा करून बघितला, मग माझ्याकडं. लई येळ बघत राहिला. मी पदर नीट केला, उगीचच.

"तुमचा अर्धा, माझा अर्धा," हळूच म्हणला. "दोघांचा मिळून एक नवा गुडघा झाला की."

"एकाच गुडघ्यावर संसार व्हत न्हाई."

"मी संसाराचं कुठं म्हणलं?"

झालं! सुलक्षणाची जीभ पयल्यांदाच घसरली. कानापर्यंत तापले मी.

पाडव्यानंतर गाडी परत लावली. डॉक्टरची परवानगी व्हती. जवळ स्टूल, दमलं की बसायचं. रविराज तोंड फिरवून गेला. आन् एका सुट्टीला दौंडच्या एसटीतनं सतीश उतरला. सरळ, ताठ, काठी न्हाई, काय न्हाई. मी मुद्दाम मिरचीवालं भजं दिलं. त्यानं अख्खं चावलं. डोळ्यांतनं पाणी गळाय लागलं.

"कसं हाय?"

"गोड," म्हणला. मग नाक पुसत, दुसरीकडं बघत... "सुलक्षणाबाई, पुढच्या सुट्टीला तुमच्या घरी येऊ का? मागणी घालायला."

मी भजी उलटायची ईसरले. घाणा जळला सारा.

"या," म्हणलं. "पर आमच्या घरचं भज्यांपरीस तिखट हायेत."

रविराजला सांगितलं, तर तो उभाच राहिला. "अक्का, वय बघ! आन् ते बौद्ध, आपण मराठे. लोकं श्यान घालत्याल तोंडात!"

"माझी भजी खाताना त्यांनी कवा इचारलं न्हाई, तळणारी कोण म्हणून."

"येऊ दे त्याला. बघतोच."

आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. रविराजनं शेवंता आत्याला मुद्दाम बोलावलं व्हतं, पाणउतारा करायला. पाणी दिलं न्हाई, च्या इचारला न्हाई. आत्या पान चघळत म्हणली, "पाहुणं, ऑपरेशन झालंय म्हनं तुमचं. जरा चालून दाखवा की."

घरातली सारी फिस्सकन हसली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्याच खोलीत, ह्याच आत्यासमोर मला चालवलं व्हतं. अठरा-एकोणीसची पोर मी, हातात पोह्यांचा ट्रे, लुगडं घोट्याच्या वर खोचून. "पोरीचा पाय वाकडाय," म्हणायची माणसं. पोहे खायची आन् जायची. दर येळी आत्या म्हणायची, "नीट चाल की गं, अजून एकदा."

सतीशनं माझ्याकडं बघितलं. मी डोळा मारला.

मग काय! एसटीतनं ताठ उतरलेला गडी, कमरंवर हात ठेवून असा लंगडायला लागला, का बघत राहावं! "आई गं... मेलो गं..." करत खोलीला फेरी घातली. मीही उठले. त्याच्या बाजूला, दुसऱ्या पायानं लंगडत. तो उजवीकडं झुकला की मी डावीकडं. मधी एकदा खांद्याला खांदा लागला... आन् दोघंही लंगडायचं क्षणभर ईसरलो.

"अक्का! काय तमाशा हाय हा?" रविराज वराडला.

"आत्यानं चालून दाखवा म्हणलंय. दाखवतोय. आत्या, नीट बघ गं. ह्या घरात मी पुन्यांदा चालून दाखवायची न्हाई."

आत्याचं पान तोंडातच राहिलं. मी दारात थांबले. "रविराज, वय माझं हाय. जात तुझ्याकडं राहू दे, मला चालायला तिचं ओझं नको. रजिस्टर लग्नाला यायचं तर ये. भजी मी तळणार हाय."

आन् आम्ही भाईर पडलो.

भर दुपार. आळीतल्या बाया दारात, गडी कट्ट्यावर, सारी डोळं फाडून बघत्यात. आम्ही आपलं लंगडतोय.

"आता सरळ चालू का?" सतीश हळूच म्हणला.

"थांबा. अजून बघत्यात. जरा जास्त लंगडा."

"गुडघा खरंच दुखंल बरं का."

"दुखला तर मी हाय की."

तो थांबला. हसणंबिसणं सारं गेलं तोंडावरचं.

"खरंच... हायेस?"

'हायेस' म्हणला. 'तुम्ही हायसा' न्हाई. आळीच्या बरोब्बर मधी.

मी त्याचा हात धरला.

"अगं, लोकं बघत्यात..."

"बघू दे की," मी म्हणलं. "इतकी वर्षं पाय बघितलं. आता जरा हात बघू दे."