विकतची रोपं

चष्म्याच्या दुकानात तो शिरला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला होता, आणि रुमालात गुंडाळून आणलेला मोडका चष्मा मात्र कोरडा ठणठणीत.

"आईचा आहे," तो म्हणाला. "दांडी निखळलीय. चष्म्याशिवाय तिला ऐकूसुद्धा येत नाही म्हणे."

नेरेइदाला हसू आलं. याउको गावच्या चौकातल्या त्या दुकानात दांड्या जोडायचं, भिंगं बसवायचं काम तीच करायची. बारीकसा स्क्रू शोधायला तिनं मान खाली घातली, तोच तो काउंटरवरून वाकला आणि त्यानं लांब श्वास घेतला.

"रेकाओ...!"

तिच्या पिशवीतून रेकाओच्या पाल्याची जुडी डोकावत होती. लांबट, करवतीसारख्या कडांची पानं. कोथिंबिरीचाच वास, पण तिच्या दसपट. सकाळीच बाजारातून घेतलेली.

"बाजारातली असली घमघमत नाही," तो म्हणाला. "घरची ना?"

त्याच्या पापण्यांवर अजून पावसाचे थेंब होते. डोळे इतके आनंदले होते की... नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"हो. बाल्कनीत लावते मी. बियांपासून."

"बियांपासून? अहो, लोक त्यापायी टेकीला येतात! तुम्ही जादूबिदू करता की काय?"

"सवय लागते..." ती पुटपुटली. कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या बाल्कनीत एक मोडकी खुर्ची होती आणि कपडे वाळत घालायची दोरी. बस्स.

त्याचं नाव उलिसेस. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर.

"दांडी सैल झालीय."

"झालीय की केलीय?"

"चौकशी करू नका. नीट करा."

चौथ्या गुरुवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि पाचव्या गुरुवारी त्यानं खिशातून कागदाची एक पुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. आत चिमूटभर बी होतं, धुळीसारखं बारीक.

"आईच्या परसातलं. तिला तिच्या आईनं दिलेलं. आई कंबरेच्या ऑपरेशनसाठी दोन महिने इस्पितळात होती, तेवढ्यात शेजारच्या कोंबड्यांनी अख्खा वाफा उकरला. आता एवढंच उरलंय." त्याची नजर दुसरीकडेच होती. "मी पेरायला धजत नाही. तुझ्या हाताला यश आहे, नेरेइदा."

खरं सांगून टाकायला हवं होतं ते त्याच क्षणी. पण त्याची बोटं तिच्या तळहातावर किंचित रेंगाळली... आणि तिनं मूठ मिटली.

त्याच संध्याकाळी तिनं कुंड्या आणल्या, माती आणली. बी उडून जाऊ नये म्हणून चांगलं खोल, बोटभर खाली पुरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागली. तीन आठवडे गेले, पाच गेले, माती तशीच काळी.

"बाळं कशी आहेत?" दर गुरुवारी तो विचारायचा.

"दोन पानं आलीत," ती सांगायची. मग "चार." मग "एक जरा अशक्त आहे..." तो इतक्या काळजीनं ऐकायचा की रात्री उशीत तोंड खुपसून ती स्वतःलाच शिव्या घालायची.

नवव्या आठवड्यात तिनं कुंड्या वर्तमानपत्रावर पालथ्या केल्या. कण न् कण चाचपला. काही नाही. मग बाजारात जाऊन तिनं चार तयार रोपं घेतली आणि त्यांच्या कुंड्यांवरच्या दुकानाच्या चिठ्ठ्या पाण्यानं भिजवून सोलून काढल्या.

रोपं घेताना उलिसेसनं तिच्या कपाळावर ओठ टेकवले. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

रविवारी त्याच्या घरी जेवण होतं. त्याची आई ओफेलिया, सगळ्यांची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, काठी टेकत दारापर्यंत आली. "ये गं पोरी! दर गुरुवारी माझा चष्मा मोडायला लावणारी तूच ना?" त्याच पानांचं वाटण घालून तिनं तूरदाण्यांचा भात केला होता. पहिला घास घेतला आणि ती थांबली. डोळे मिटले.

"माझ्या आईचं स्वयंपाकघर..." ती हळूच म्हणाली. मिटल्या पापणीखालून एक थेंब ओघळला.

नेरेइदानं चमचा खाली ठेवला. ती उभी राहिली.

"ही तुमची रोपं नाहीत. बाजारातून आणली मी. तुमचं बी मी... एकही उगवलं नाही. मला बी पेरता येतच नाही. कधीच येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून खोटं बोलत आले."

उलिसेसचा चेहरा पांढरा पडला. दोन्या ओफेलियानं डोळे उघडले.

"किती खोल पेरलंस?"

"...बोटभर."

"मेलं ते. रेकाओला उजेड लागतो, बाळ. ते पुरायचं नसतं, नुसतं वर भुरभुरायचं."

नेरेइदा पिशवी उचलून दाराकडे वळली. तेवढ्यात मागून खुर्ची करकरली.

"आई," उलिसेसचा आवाज फाटलेला होता. "कोंबड्या नव्हत्या. मी पाणीच घातलं नाही. तू इस्पितळात होतीस, मला परसाकडे बघवतच नव्हतं... आणि वाफा सुकला. हिला माझं खोटं ठाऊकसुद्धा नव्हतं."

म्हातारीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छान. एकानं वाफा वाळवला, एकीनं बी पुरलं. आणि मी? मला बाजारच्या पानांत आईचा वास आला!" ती हसली, पण हसू अर्ध्यावरच मोडलं. "जा दोघं बाहेर. मला जरा रडू द्या."

दोघं पायरीवर बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"का बोललीस खोटं?"

"तू इतका खूश झाला होतास..."

"वेडाबाई, मी काय जुडीवर खूश झालो होतो?"

तिनं ओठ चावला. डोळे भरून आले. "ते बी आता कधीच मिळणार नाही ना?"

"नाही." त्यानं खोटा धीर दिला नाही.

"खूप राग आलाय?"

"आलाय. तुझा, माझा... दोघांचा."

"किती दिवस राहील?"

"काय माहीत." तो थोडा सरकला, मधलं अंतर वीतभर उरलं. "पण रागावून बसायचं तर इथंच बसेन. तुझ्याशेजारी. आवडतेस तू मला, नेरेइदा. बाल्कनी नको, बी नको, काही नको. फक्त... यापुढे खरं सांग."

"मग खरं सांगते," ती रडत-रडत म्हणाली. "मलाही तू आवडतोस. आणि मला स्वयंपाकही येत नाही."

तो हसायला लागला. आतून दोन्या ओफेलियाची हाक आली, नाक ओढत मारलेली. "ए खोटारड्यांनो, भात गार होतोय! या आत!"

उलिसेसनं उठून हात पुढे केला. नेरेइदाची मान अजून वर होत नव्हती. खाली बघतच तिनं तो हात धरला.