सतरा मिलिसेकंदांचा तग

पॉवर सप्लाय घ्यायचा तर आधी तो हातात घेऊन तोलावा. स्टिकरवर काय वाटेल ते छापता येतं, सहाशे वॅट म्हणा, हजार म्हणा. तांबं आणि लोखंड छापता येत नाही. हलका लागला की खाली ठेवायचा. जड लागला तरी हुरळून जायचं नाही, कारण आत सिमेंटचा तुकडा चिकटवलेले डबेही मी उघडलेले आहेत. सव्वीस वर्षं माझा हाच धंदा आहे. कॉम्प्युटरला वीज पुरवणारे हे डबे मी दुरुस्त करतो, तपासतो, आणि कुणी विचारलं तर कोणता घेऊ नये ते सांगतो. लोक माझ्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणून पुढचं सांगताना मी जे मोजलं तेवढंच सांगणार आहे.

या वेळी डबा ताईसाठी हवा होता.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एका विमा कचेरीच्या तक्रारखिडकीवर तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. माणूस तणतणत यायचा, ही दोन वाक्यांत त्याची अशी फिरकी घ्यायची की तो हसत परत जायचा. काम झालेलं नसायचंच. मग तिच्या नसांना एक असाध्य आजार जडला. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ. राहिले फक्त डोळे. आवाज जाण्याआधी थेरपिस्ट बाईंनी तिची शेकडो वाक्यं ध्वनिमुद्रित करून घेतली होती. पडद्याखालचा कॅमेरा तिची नजर टिपायचा, दोन-तीन अक्षरांवरून प्रोग्रॅम तिचं वाक्य ओळखायचा आणि तिच्याच आवाजात बोलायचा. फक्त उशिरा बोलायचा. कॉम्प्युटर जुना होता, चार सेकंद लागायचे.

"चार सेकंदांनी आलेला टोमणा हा टोमणा नसतो रे ठोंब्या," ताई म्हणाली, चार सेकंदांनी. "पत्र असतं ते."

म्हणून मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे बनवणाऱ्याने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. उशीर पाऊण सेकंदावर आला. त्या दिवशी ताईने माझी, नर्सबाईंची आणि डॉक्टरांची एका दमात खिल्ली उडवली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. माझी बहीण घरी परत आली होती.

पण असा पळवलेला प्रोसेसर वीज अधाशासारखी ओढतो. दिवे नुसते मिचमिचले तरी जुना सप्लाय मान टाकायचा. यूपीएस होता, पण त्याला बॅटरीवर जायला दहा मिलिसेकंद लागत आणि तेवढाही वेळ या डब्याला काढता येत नसे. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होऊन कॅमेऱ्याला तिचे डोळे सापडेपर्यंत सहा मिनिटं जात. एकदा त्या सहा मिनिटांत तिच्या घशात लाळ अडकली. मी शेजारच्या खोलीत होतो आणि तिला हाक मारता येत नव्हती. मी सहज डोकावलो म्हणून निभावलं.

वेग कमी करायला ती तयार नव्हती. श्वासासाठी नळी लावायची नाही, असंही तिने डॉक्टरांना लिहून दिलं होतं. "बोलतेय तोवर मी आहे. पुढचं नाटक नको." यावर मी वाद घातला नाही. दुखतं का, हेही तिला कधी विचारलं नाही. ती 'हो' म्हणाली असती तर मी काय करणार होतो?

नामांकित सप्लाय ऐपतीबाहेरचा होता, म्हणून मी ठोक व्यापाऱ्याकडे गेलो. त्याला बाजारात सगळे 'गॅरंटी' म्हणतात, कारण ती तो कधीच देत नाही. सात डबे तोलले आणि सात खाली ठेवले. आठवा खालच्या फळीवर होता. करडा, ना स्टिकर ना नाव. हातात घेतला तर वजन बरोबर.

"तो नको घेऊ," गॅरंटी म्हणाला. आपला माल घेऊ नको म्हणणारा गॅरंटी मी पहिल्यांदाच बघत होतो.

"का? बाद आहे?"

"तीनदा विकला, तीनदा परत आला."

"तक्रार काय होती?"

"तक्रार नाही. चांगला चालतो म्हणाले तिघंही. पण नको म्हणाले." त्याने फळीवरची धूळ उगाचच पुसली. "बघ बाबा. परत आणलास तर घेईन."

माझ्या दुकानात येऊन मी तो उघडला. आत सगळं नेहमीचं. टाके स्वच्छ, पंखा साधा, वीज साठवणारा मुख्य कपॅसिटर मला हवा होता त्याहून थोडा लहानच. रेझिस्टरचा भार लावून मी त्याचा तग मोजला. वीज तोडल्यावर सप्लाय किती वेळ बारा व्होल्ट धरून ठेवतो, ते. आमच्यात त्याला होल्ड-अप म्हणतात. तग हा ताईचा शब्द. पापणी लवायला या तगाच्या दहापट वेळ लागतो. हिशोबाने बारा मिलिसेकंद यायला हवे होते. स्कोपच्या पडद्यावर सतरा आले. पुन्हा सतरा, पुन्हा सतरा. स्वस्तात एवढा चांगला डबा! मी खूश होऊन घरी आलो आणि तो बसवला.

पंधरा दिवस झकास गेले. दिवे मिचमिचायचे, ताई बोलत राहायची.

मग एका दुपारी वीज गेली आणि त्याच क्षणी यूपीएसने जीव सोडला. पडदा काळा झाला, छताचा पंखा थांबत आला. ताई माझ्या शर्टाबद्दल काहीतरी सांगत होती. "...आणि इस्त्री म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी दाखवा," तिने वाक्य पुरं केलं. मी हसलो आणि मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. ते पुरं वाक्य वीज गेल्यानंतरचं होतं. निदान तीन सेकंदांचं.

दुसऱ्या दिवशी मी पडदा वेगळ्या सॉकेटवर घेतला, ताईला बोलतं ठेवलं आणि कॉम्प्युटरचा प्लग उपटला. नऊ सेकंद. त्याच्या पुढच्या दिवशी चाळीस. त्या कपॅसिटरमध्ये मावते तेवढ्या विजेवर यातलं काहीच होऊ शकत नाही. मी डबा काढून दुकानात नेला आणि रेझिस्टर लावले. सतरा मिलिसेकंद. घरी आणून, ताईला दुसरीकडे वळवून, पडद्यासमोर कुणी नसताना प्लग काढला. कॉम्प्युटर तत्क्षणी बंद. तो पुन्हा सुरू केला, ताईला समोर आणलं, आणि ती बोलायला लागल्यावर प्लग काढला. सहा मिनिटं.

"म्हणजे भार कुणाचा आहे, हे त्याला कळतं," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत मी इतकं अडाणी वाक्य बोललो नव्हतो.

"कळणारच," ताई म्हणाली. "तुझे रेझिस्टर तुझ्यासारखेच घुमे. त्यांना कोण कशाला धरून ठेवेल?"

डबा परत द्यावा असं एकदा मनात आलं. पण तिचं बोलणं ऐकलं आणि माझ्याच्याने होईना. खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती. माझ्या हाताने तोललेल्या, माझ्याच पेचकसाने उघडलेल्या त्या पत्र्याच्या डब्यापुढे मी अवघडून उभा राहायचो, आवाज आपोआप खाली यायचा. रोज सकाळी आम्ही मोजायचो. अकरा मिनिटं. पंचवीस. बावन्न. ताई विचारायची, "आज किती धरलं?" आणि मी आकडा वहीत लिहून, कॉम्प्युटर बंद पडायच्या आत प्लग परत लावायचो.

त्याच वहीत मागच्या बाजूला नर्सबाई ताईचे श्वास लिहायच्या. ते उथळ होत चालले होते. छातीचे स्नायू आता दमत आलेत, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन्ही पानं शेजारी उघडून बघायचं मी टाळलं.

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी प्लग काढला.

"आज परत लावू नकोस," ताई म्हणाली. "एकदाच काय ते शेवटपर्यंत मोजू."

मी प्लग हातात घेऊन तिच्याजवळ बसलो. ती खूप बोलली. खिडकीवर आलेल्या माणसांचे किस्से, आईच्या नकला, लहानपणी मी पलंगाखाली लपून झोपून गेलो होतो आणि घर मला शोधत राहिलं ती गोष्ट. टोमणे अगदी वेळेवर येत होते. मी पोट धरून हसलो. साडेनऊ वाजले, मग साडेदहा.

अकराला नर्सबाई आल्या. त्यांनी ताईच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला.

आकडा आला नाही. नुसत्या दोन आडव्या रेघा.

त्यांनी बोट बदललं. रेघाच. चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघितला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा ताईच्या. रेघा.

"आज माझ्यावर रुसल्यात वाटतं मशीनबाई," ताई म्हणाली.

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी मनगट धरलं. मग मानेवर बोटं ठेवली. मग वाकून तिच्या नाकाशी कान नेला, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"दादा," त्या इतकंच म्हणाल्या, आणि हळूच स्टुलावर बसल्या.

ताईचे डोळे उघडे होते, पडद्याकडे लागलेले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा ठिपका असतो. कॅमेऱ्याला नजर सापडली की तो हिरवा होतो.

तो करडा होता.

"किती झाले?" ताईने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "तीन तास सदतीस..."

"सदतीस मिनिटं. बरं धरलंय की," ती म्हणाली. माझं वाक्य अजून संपलं नव्हतं.

पाऊण सेकंदाचा उशीर कुठे गेला, असा विचार माझ्या मनात आला.

"गेला तो," ताई म्हणाली. आवाज तिचाच, पूर्वीचा, खिडकीवरचा. "आता किती मोकळं वाटतंय म्हणून सांगू."

मी प्लग घट्ट धरला. सॉकेट हाताच्या अंतरावर होतं. लावला तर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, नाही लावला तर काय होईल तेही नाही. समोर माझी बहीण होती, आणि सव्वीस वर्षांत शिकलेलं काहीही माझ्या उपयोगाचं नव्हतं. वर्षभर अडवून धरलेला तो एक प्रश्न ओठांवर आला. मी तोंड उघडलं.

"नाही रे," ताई म्हणाली. "दुखत नाहीये."

मी अजून विचारलं नव्हतं.