नाही म्हणायचं नाही

लिगाया त्या दुपारी लेकीला घेऊन थिएटरवर आली, त्याला कारण साधंच होतं. मायुमीला सांभाळणारी शेजारीण तापानं फणफणली होती. आणि सिनेमाचा शेवटचा प्रसंग आजच घ्यायला हवा होता, कारण मनिलातलं ते बंद पडलेलं थिएटर उद्या पाडणार होते. तिकीटखिडकीमागच्या खोलीत तिनं चटई अंथरली, डब्यातला अदोबो-भात पोरीला भरवला आणि तिथंच निजवलं. "आई, लवकर ये गं," पोर झोपेत पुटपुटली. एकटीनं वाढवलेली लेक. तिच्यावाचून लिगायाला होतं तरी कोण?

बाई मोठी गुणी हं. आधी एका बारच्या माडीवर संहितेशिवायचे विनोदी प्रयोग, मग नाटकं, आणि आता पदरमोड करून स्वतःचा सिनेमा. त्यालाही संहिता नाहीच! या विनोदी प्रयोगवाल्यांचा एकच दंडक. खेळात समोरचा जे बोलेल ते खरं मानायचं, नाही म्हणायचं नाही. कुणी म्हणालं तू माझी सासू, की झालीच सासू. हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बाजारात भाव करायला गेली तरी हो हो म्हणून परत यायची.

"ताई, तू पडद्यापुढं बस. तुझ्यासमोर काम करायला बीनिंगला मी मागच्या दारानं पाठवतो," कॅमेऱ्यामागून बोयेत म्हणाला. "नाहीतर दुसऱ्याच कुणाला तरी."

"खोडच तुझी ती! पाठव कुणालाही. बघते मी."

दिवे मालवले. एकच दिवा तिच्या तोंडावर राहिला आणि खुर्च्यांच्या रांगा काळोखात बुडाल्या. बाहेर रस्त्यावर जीपनी गाड्यांचे भोंगे वाजत होते, तेही हळूहळू ऐकू येईनासे झाले. मग मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. कुबट वास आला, पेटीत राहिलेल्या कपड्यांना येतो तसा, आणि त्यात सुकलेल्या साम्पागिता फुलांचा.

"आलीस बाई?" आवाज म्हातारा होता.

लिगाया मनातून खूश झाली. बोयेतनं कुठून तरी म्हातारी गाठून आणली होती! "आले ना, लोला. आजीला विसरेन होय मी?"

"एकटीच...?"

"छे! लेकीला आणलंय."

"माझ्यासाठी...?"

लिगायाच्या हातावर काटा आला. पण काटा आला म्हणजे प्रसंग रंगतोय, असंच या लोकांना वाटतं. "तुमच्यासाठीच की, लोला."

"मग नेऊ...?"

"न्या ना. तुमचीच आहे."

खुर्ची पुन्हा करकरली. वास गेला.

दिवे लागले तेव्हा बोयेत वैतागला होता. "अगं, थांबायचंस तरी! बीनिंग अजून बाहेर सिगारेट ओढतोय. मी कुणालाच पाठवलं नव्हतं. कुणाशी बडबडत होतीस एकटीच?"

"नाही!" रिकाम्या खुर्च्यांकडे बघत लिगाया किंचाळली. "नाही देत! नाटक होतं ते... ऐकलंस का म्हातारे, नाटक होतं!"

ती धडपडत, ठेचकाळत तिकीटखिडकीकडे धावली.

मायुमी चटईवर बसली होती. झोपेनं गाल लाल झालेले, हनुवटीला भाताचं शीत. लिगायानं तिला छातीशी कवटाळलं आणि हमसून हमसून रडली. देवा, वाचवलंस रे! पोरीचं अंग ऊबदार होतं, श्वास नीट चालला होता.

मायुमी तिच्या हातांतून हळूच सुटली. तिनं फ्रॉक सारखा केला. पाहुण्या बाईशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "लोला म्हणाल्या, आता तुम्ही आईचं काम करणार."

"असं काय बोलतेस गं... मायुमी, मीच तुझी आई. खरी आई."

मायुमी कौतुकानं हसली.

"छान करता तुम्ही," ती म्हणाली. "पण अजून किती वेळ चालणार? लोला बाहेर थांबल्यात..."