बर्फातला खांब

"…आणि कॉम्प्रेसर बरा हाय का गं, माय?"

फोनवर लेकीचा हा प्रश्न ऐकला आणि लिंबाजीच्या काळजात चर्र झालं! धम्मप्रिया बँकॉकला होती. देशोदेशी भरणाऱ्या ज्युनियर ग्रां प्री स्केटिंगच्या मालिकेत त्याच संध्याकाळी ती बर्फावर उतरणार होती, आणि तरीही तिने एकेकाची विचारपूस केली होती… मावशीचा गुडघा, शेजारची व्यालेली शेळी, अर्धापूरचं ऊन, शेवटी शीतगृहातलं यंत्रसुद्धा! फक्त ते यंत्र रोज चालवणाऱ्या जन्मदात्याचं नाव तिच्या ओठी आलं नाही.

"बरा हाय," चांगुणा डोळे पुसत म्हणाली, "रोज तुझी आठवण काढतो."

कॉम्प्रेसर आठवण काढतो यात लेकीला काही वावगं वाटलं नसावं. तिने फोन ठेवला.

"आवो, आज तरी खरं सांगू द्या की तिला!"

"न्हाई," लिंबाजी म्हणाला. "उडी मारायच्या आधी लेकराच्या डोक्यावर ओझं नको."

खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. केळी साठवायच्या त्या शीतगृहातल्या एका रिकाम्या खोलीत लिंबाजीने लेकीच्या हट्टापायी पाणी सोडून बर्फ जमवला होता. खोली एवढीशी, त्यात मधोमध छताला आधार देणारा लोखंडी खांब! पोर धडकू नये म्हणून लिंबाजी गोधडी पांघरून स्वतः त्या खांबापुढं उभा राही. त्यामुळे ती खांबाऐवजी बापाला धडके, आणि दोघंही खो-खो हसत. मग लातूरच्या मृण्मयी मॅडम, ज्या आता गुडगावच्या बर्फाच्या रिंकवर स्केटिंग शिकवत, एका लग्नाच्या निमित्ताने अर्धापुरात आल्या, पोरीच्या गिरक्या पाहून थक्क झाल्या आणि म्हणाल्या, "दादा, ही इथं राहिली तर या खोलीएवढीच राहील." धम्मप्रिया मात्र अडून बसली… अप्पाला सोडून मी कुठंच जाणार न्हाई!

आणि त्या वात्सल्यमूर्ती पित्याने पहार उचलली. लेक शाळेतून येईपर्यंत बर्फ फोडला, फुटक्या बर्फावर केळीच्या क्रेट रचल्या आणि तिच्या तोंडावर म्हणाला, "केळी खपतात. गिरक्या खपत न्हाईत." तिने स्केटिंगचे बूट उचलले, मॅडमसोबत गुडगाव गाठलं, आणि त्या क्षणापासून 'अप्पा' हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला! खरं कळलं तर पोर पहिल्या बसनं परत येईल, म्हणून लिंबाजीने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं चांगुणेकडून आणि मॅडमकडून वचन घेतलं. त्या बर्फावरची केळी काळीठिक्कर पडली, ती त्याने नवी जात म्हणून सांगितली. कुणी विश्वास ठेवला नाही, पण त्याचा चेहरा पाहून कुणी हसलंही नाही.

संध्याकाळी स्पर्धा बघायला देगलूरचे केळीचे व्यापारी ईश्वरप्पा आपला मोठा टीव्ही घेऊन आले. तो शीतगृहातल्या त्याच खोलीत लागला आणि जमलेल्या सगळ्यांना कानटोप्या घालाव्या लागल्या, कारण लिंबाजीचं म्हणणं पडलं, "लेक बर्फावर अन् आपण पंख्याखाली, हे बरं दिसत न्हाई." नेटवर्क जाऊ नये म्हणून दार मात्र किलकिलं ठेवलं होतं.

आणि ती आली…! निळ्या पोशाखातली ती सडपातळ पोर, जणू बर्फाला न दुखावता त्यावर आपलं नाव कोरत होती! पहिली उडी, हवेत तीन फेरे, आणि एका पायावर अशी अलगद उतरली की ईश्वरप्पांच्या तोंडून "अय्यो!" निघून गेलं. पण मैदानाच्या मध्यावर येताच, समोर सगळं मोकळं असताना, तिने एकाएकी अंग चोरून वळसा घेतला. समालोचक गोंधळला. अर्धापुरात मात्र सगळ्यांच्या नजरा एकदम खोलीतल्या त्या खांबाकडे वळल्या, आणि चांगुणेने पदर तोंडाशी धरला.

नाच संपला. गुण जाहीर होईपर्यंत स्पर्धकाने गुरूसोबत ज्या बाकावर बसायचं असतं, तिथं दोघी बसल्या. समोर माइक चालू होता, याचं भान दोघींनाही नव्हतं.

"तिथं खांब नाही गं! कितीदा सांगायचं?" मॅडम कळवळल्या.

"मला दिसतो, मॅडम. तिथं अप्पा उभे दिसतात." तिने बुटाची नाडी घट्ट ओढली. "ज्यांनी माझा बर्फ फोडला, तेच दिसतात… मी काय करू?"

मॅडमनी डोळे मिटले, आणि वचन मोडलं!

"तू माझ्यासोबत यावीस म्हणून फोडला त्यांनी. तू त्यांना सोडून निघत नव्हतीस. तुझा राग त्यांनी मागून घेतला, पोरी… मागून!"

गुण झळकले. ते किती होते, हे अर्धापुरात आजवर कुणालाच नीट सांगता येत नाही. धम्मप्रियेनेही ते पाहिले नाहीत. तिने थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

"अप्पा… बघायलाव ना? बर्फ फोडताना रडलाव का हो?"

लिंबाजी ताडकन उठला आणि त्याने टीव्ही दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई!… हाव. लई रडलो, माय. तू जा म्हणून फोडला, ये म्हणायची हिंमत झाली न्हाई…"

"लिंबाजी, तिला ऐकू जायना, हे एकतर्फी हाय," ईश्वरप्पा हळूच म्हणाले.

पण दोन वर्षं साठलेलं ते आता कुठं थांबणार! पडद्यावरून लेक गेली, जपानची एक मुलगी बर्फावर आली, तिचं संगीत सुरू झालं, तरी लिंबाजी बोलतच होता… तिकडं थंडी फार असल, कान झाकत जा, जेवलीस का, कधी येतीस…

चांगुणा टीव्ही बंद करायला उठली, तसा ईश्वरप्पांनी तिला हात केला. "राहू द्या वहिनी. बोलू द्या त्याला."

जपानच्या मुलीने फार सुरेख गिरकी घेतली. लिंबाजीने डोळे पुसत तिलाही सांगितलं, "जपून, बाई."