सातकुंडीच्या घळीतला कॅमेरा

सायलीला घळीतून एकच गोष्ट वर आणायची होती, नवऱ्याचा कॅमेरा. तो चालू होईल अशी वेडी आशा तिला नव्हती. वर्षभर ऊन, पाणी आणि गाळ खाल्लेला कॅमेरा कसला चालू होतोय! पण आतलं कार्ड कदाचित शाबूत असेल. सुग्रीवने शेवटचं काय टिपलं आणि ते मध्येच कशामुळे थांबलं, हे त्या कार्डावरून कळणार होतं. ते कळल्यावर आपण जगू की खचू, हे तिला ठाऊक नव्हतं. तरीही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटेच्या गाडीने ती नेकनूरहून निघाली. घळीतलं शेवटचं कुंड वर्षातून एवढे आठ-दहा दिवसच कोरडं पडतं.

बरोबर दोघंच होते. एक उत्तरेश्वर. लग्नात वऱ्हाडाच्या डोक्यावरून कॅमेऱ्याची क्रेन फिरवणारा, नव्वद किलोचा, आणि स्टुलावर चढायलाही घाबरणारा गडी. दुसरे हरिबा, साठीचे मेंढपाळ. त्यांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर चरत आली होती. गेल्या वर्षी पुरातून सुग्रीवला बाहेर काढलं ते त्यांनीच. पण बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

सुग्रीव आणि सायली दोघं मिळून नेकनूरच्या बसस्टँडसमोर स्टुडिओ चालवत. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं शूटिंग दोघांचं. मग लग्नांच्या पलीकडे काही करायचं दोघांच्या डोक्यात आलं. सातकुंडीच्या घळीत लांडगीण पिल्लांना पाण्यावर आणते, तिच्यावर फिल्म करायची ठरली. त्यासाठी नवा कॅमेरा घ्यायला ते शहरात गेले आणि दुकानाच्या काउंटरवरच दोघांची जुंपली. सुग्रीवचा डोळा पोटात पंखा असलेल्या जाडजूड कॅमेऱ्यावर होता. "चार-के लई झालं. आपल्या उन्हात दिवसभर न थांबता चालंल असं जनावर पाहिजे," तो म्हणत होता. सायलीला मात्र त्याहून बारीक तपशील टिपणारं आठ-के हवं होतं. चित्र कितीही मोठं करा, लांडगिणीच्या मिशीचा केससुद्धा मोजून घ्या! तो कॅमेरा छोटा होता, देखणा होता, पण त्याला पंखा नव्हता. ऊन लागलं की वीस मिनिटांत तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. सायलीने हट्ट धरला. सुग्रीव हसला आणि बायकोच्या मनासारखं केलं.

त्या दिवशी सकाळी दहाला त्याचा फोन आला होता. "लई तापतंय गं हे तुझं. खाली घळीत सावलीला नेतो." तेच शेवटचं बोलणं. दुपारी वळवाचा पाऊस वरच्या पठारावर कोसळला आणि घळ भरून वाहिली.

माझ्या कॅमेऱ्यासाठी तो खाली उतरला. माझ्या हट्टाने गेला. हे वाक्य सायली वर्षभर उशाशी घेऊन झोपत होती. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

कॅमेरा कुठे अडकलाय याचा पत्ताही आठ-केनेच दिला. गेवराईच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून तिने तसलाच कॅमेरा मागून आणला, समोरच्या कड्यावर ट्रायपॉड रोवला आणि अख्खी भिंत हळूहळू टिपून काढली. घरी संगणकावर चित्र मोठं करत गेली. दगड, निवडुंग, पुन्हा दगड. आणि मग एका कपारीत नारिंगी पट्टा! सुग्रीवच्या कॅमेराबॅगेचाच. तिने स्वतः दोरा बदलून शिवलेला पट्टा ती ओळखणार नाही तर कोण?

घळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत सात वाजले. हरिबांची बायको साखराबाई मेंढरं घेऊन कड्यावर आधीच आली होती. तिने तिघांना भाकरी आणि ठेचा दिला आणि सायलीच्या पाठीवरून हात फिरवला.

"बारा वाजायच्या आत भाईर," हरिबा आभाळाकडे बघत म्हणाले. "वळवाचं काय सांगता येत न्हाई. इथं ऊन आसतंय आन्‌ वर पठारावर पानी पडतंय."

उत्तरेश्वरने अंजनाच्या झाडाला दोर बांधला. खाली एकदा डोकावून बघितलं आणि झाडालाच मिठी मारली. "वैनी, मी हितंच बरा. दोर धरायला कुनीतरी पाहिजेच की!"

"तुम्ही पहिल्या कुंडापर्यंत तरी चला, भाऊ. तिथून पुढं दुसरा दोर लावायचाय."

गडी देवाचं नाव घेत उतरला, आणि मग एकटं मागे राहायच्या भीतीने पुढेही बरोबर आला. घळ म्हणजे डोंगराने पोटात लपवलेला जिनाच. एकाखाली एक सात कुंडं, मध्ये शेवाळ वाळून गुळगुळीत झालेले काळे दगड, आणि दोन्ही अंगांना भिंती. वरच्या उन्हाचा तिथे पत्ता नव्हता. पारव्यांच्या पंखांची फडफड तेवढी ऐकू यायची. दुसऱ्या कुंडाशी लांडगिणीच्या पायांचे ठसे होते, शेजारी पिल्लांचे. सायली त्या ठशांपाशी थोडी थांबली. यांच्यासाठी आला होता तो.

तिसऱ्या कुंडाशी घात झाला. आदल्या दिवशी उत्तरेश्वर एका लग्नात होता आणि मांडवात लावलेलं गुलाबाचं अत्तर तोच सदरा घालून त्याने घळीत आणलं होतं. लग्नवाल्या माणसाला अत्तराचा वास येईनासाच होतो. हरिबांच्या नाकाला तो आला, पण उशिरा.

"आरं, ह्यो वास कशाचा? वासानं माशा उठत्यात! हलू नगा!"

वर कपारीला आग्या मोहोळ लोंबत होतं. ते एकदम फुटलं! काळा ढग खाली आला. उत्तरेश्वर ओरडला. सायली खाली बसली. हरिबांनी खांद्यावरची घोंगडी झटकन पसरली, दोघांना खाली ओढलं आणि स्वतःही आत शिरले. "श्वास दाबा! गप पडून ऱ्हा!" घोंगडीवर माशांचा पाऊस पडत होता. उत्तरेश्वरच्या मानेला सात-आठ डंख झाले होते. तो तोंडात सदरा कोंबून रडत होता.

तासाभराने गुणगुण थांबली. आणखी तासाभराने हरिबांनी डोकं बाहेर काढलं. अकरा वाजून गेले होते.

"माघारी चल, पोरी," ते म्हणाले.

"मामा, वर्षभर थांबलेय मी. पुढच्या वर्षी तो पट्टा तिथं असेल का?"

हरिबांचा चेहरा विचित्र झाला होता. काहीतरी बोलायचं असावं आणि जीभ उचलत नसावी, तसा. मग ते पुढे झाले. सुजल्या मानेचा उत्तरेश्वर पाचव्या कुंडाच्या काठावर दोर धरून बसला आणि दोघं शेवटचे दोन टप्पे उतरले.

कपार दोन पुरुष उंचीवर होती. हरिबा भिंतीला टेकून उकिडवे बसले, सायली त्यांच्या खांद्यांवर उभी राहिली आणि म्हातारा गुडघे थरथरत ताठ झाला. तिने हात लांबवला. बोटांना आधी गाळ लागला, मग काटक्या, मग पट्टा. तिने ओढला. हलेना! पुन्हा ओढला. गाळाचा ढेपसा तोंडावर आला आणि बॅग तिच्या छातीवर येऊन आदळली. तिने ती दोन्ही हातांनी कवटाळली. क्षणभर तिला सुग्रीवच्या अंगाचा भास झाला. होता मात्र नुसता चिखलाचा वास.

तेवढ्यात वर कुठेतरी गडगडलं.

"पळ!" हरिबा ओरडले.

आभाळ निळंच होतं, पण भिंतीवरून ओघळ सुरू झाला होता. आधी बोटाएवढा. मग मनगटाएवढा. सायली दोराला लागली. वरून उत्तरेश्वर ओढत होता, खालून हरिबा तिचे पाय रेटत होते. पहिला टप्पा झाला. दुसऱ्याला सुरुवात झाली आणि वरच्या अंगाने आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा. पाणी आलं! तांबडं, फेसाळ, काट्याकुट्यांचं. सायली काठावर चढली. हरिबांच्या हातून दोर निसटला.

"मामा!"

ते कमरेएवढ्या पाण्यात एका दगडाला धरून होते. दोर उत्तरेश्वरच्याही हातून सुटून वाहून गेला होता. हात पोचत नव्हता. दोन हात कमी पडत होते.

सायलीने खांद्यावरची बॅग उतरवली. एवढंच होतं तिच्याकडे. ही गेली तर सुग्रीवचं शेवटचं सगळं गेलं. तिने विचार केला नाही असं नाही. एक क्षण केला. मग नारिंगी पट्टा मनगटाला गुंडाळून बॅग पाण्यात फेकली. "धरा!"

हरिबांनी बॅग धरली. उत्तरेश्वर सायलीची कंबर धरून मागे पडला, नव्वद किलोंनिशी. वर्षभर कुजलेला पट्टा करकरला. तिने घातलेली शिवण ताणली, पण उसवली नाही. म्हातारा काठावर आला, बॅगेसकट!

पाण्याबाहेरच्या कातळांना धरत, वरचा दोर पकडून तिघं अंजनाच्या झाडाखाली पोचले तेव्हा कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. खाली घळ गर्जत होती. साखराबाईने कोरडं लुगडं आणून सायलीला गुंडाळलं.

बॅगेची चेन गंजून धरली होती. उत्तरेश्वरने चाकूने कापड फाडलं. आत कॅमेरा होता, बुरशीने पांढरा झालेला. लेन्सवर झाकण नीट बसवलेलं. बॅटरी बाहेर काढून, तिची पिवळी टोपी लावून बाजूच्या कप्प्यात. सायलीने नखाने कार्डाची झडप उघडली.

दोन्ही खाचा रिकाम्या होत्या.

"पडलं का काय कुठं?" उत्तरेश्वर बॅग उलटी करून झटकू लागला.

"पडलं नाही, भाऊ." सायलीने रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं. "काढलंय."

सुग्रीवचा नियम होता. काम चालू असताना कार्डाला हात लावायचा नाही. काम संपलं की कॅमेरा मागाहून, कार्ड आधी, जिवाजवळ. त्यासाठी त्याच्या प्रत्येक सदऱ्याला आतून, डाव्या बाजूला, सायलीने चोरखिसा शिवला होता. पोलिसांनी पंचनाम्यात मोबाइल, पाकीट, किल्ल्या लिहून घेतल्या. चोरखिसा त्यांना कुठला ठाऊक! आणि तिला ठाऊक होता. पण कॅमेरा तापून बंद पडला, काम अर्धवट राहिलं, या एकाच गोष्टीने तिचं डोकं असं भरलं होतं की तिला तो आठवलाच नाही. बायकांनी सांगितलं, अंगावरचे कपडे त्याच्याबरोबरच जाऊ दे. तिने सदऱ्याची घडी घातली, स्वतःच्या हाताने गाठोडं बांधलं आणि चितेवर ठेवायला दिलं.

ती रडू लागली. वर्षभरात ती अशी रडली नव्हती. मोठ्याने, लाज सोडून, लहान पोरासारखी. मेंढरं माना वर करून बघत राहिली.

"मीच जाळलं," ती म्हणत होती. "आधी हट्टाने त्याला खाली पाठवलं, मग त्याचं काम पण जाळलं."

"तू न्हाई पाठिवलंस." हरिबा उठून तिच्यासमोर मातीत बसले. "कॅमेरा सावलीला घिऊन गेलता, ते खरं. पर काम करून वर आलता त्यो. बॅग भरून, हसत. 'मामा, झालं मनासारखं,' म्हनला. हितं, ह्याच झाडाखाली बसून पानी पिला." त्यांनी तोंड पुसलं. "माझं एक कोकरू खाली ऱ्हायलंतं. म्याच वरडलो, माझं कोकरू, माझं कोकरू. माझ्या गुडघ्याकडं बघितलं आन्‌ 'बसा मामा, मी आनतो' म्हनून खांद्यावरच्या बॅगेसकट उतरला. कोकरू वर फेकलं त्यानं, तवर पानी आलं. त्याला न्हाई येता आलं."

"आन्‌ वरीसभर गप कावून बसला?" साखराबाईने कळवळून विचारलं. तिलाही हे आजच कळत होतं.

"तोंड उचलंना. आज त्या पट्ट्याला लोंबकळलो आन्‌ वाटलं, आता न्हाई बोललो तर मानूस न्हाई मी."

सायली त्यांच्याकडे बघत राहिली. राग आला. खूप आला. एका कोकरासाठी! पण मान खाली घालून बसलेल्या त्या म्हाताऱ्यात तिला आपलंच वर्ष दिसत होतं. एवढंच कळायला हवं होतं तिला, की काम झालं होतं, तो हसत होता, आणि तो तिच्या हट्टापायी मेला नव्हता. तो गेलाच होता, त्याला मात्र इलाज नव्हता.

मग तिने विचारलं, "कोणतं कोकरू, मामा?"

हरिबांनी बोट दाखवलं. कळपाच्या कडेला एक तरणी मेंढी होती, एक कान फाटलेली. "इकली न्हाई. इकनारबी न्हाई."

सायली उठली. झाडाखाली ठेवलेल्या उत्तरेश्वरच्या झोळीतून तिने एक दुसरा कॅमेरा काढला, सुग्रीवच्या पसंतीचा, पंखेवाला. सुग्रीव गेल्यावर तिने तो घेतला होता आणि लग्नांपलीकडे कधी चालवला नव्हता. ती गवतात पालथी पडली. बटण दाबलं. पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. मेंढी चरत होती, मध्येच मान वर करून रवंथ करत सरळ भिंगात बघत होती. सायलीचे डोळे सारखे भरून येत होते आणि चित्र धूसर होत होतं, पण कॅमेऱ्याला ते स्वच्छ दिसत होतं. ऊन उतरेपर्यंत तिने टिपलं. कॅमेरा एकदाही थांबला नाही.

मग तिने आधी कार्ड काढलं. तिच्या कुडत्याला चोरखिसा नव्हता. स्वतःच्या कपड्याला शिवायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते कार्ड मुठीत घट्ट धरून ती नेकनूरपर्यंत आली.