बर्फावरचे बटण

दिलेल्या वचनाचे ओझे वचन देणाऱ्याच्या मृत्यूनंतर कोणाच्या खांद्यावर येते, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे अनेकदा मांडला आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. वचन देणारा उरला नाही की वचनही उरत नाही, उरते ते केवळ मागच्यांचे प्रेम, असे मी सांगत असे. धाकट्या बहिणीच्या घरी जे पाहिले, त्यानंतर ते वाक्य माझ्या मुखातून पुन्हा निघालेले नाही.

माझे मेहुणे स्वयंपाकाचे मोठे हौशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, वर झाकण उघडणारा एक पांढरा फ्रीझर आणून ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यात पाण्याची एक वाटी गोठवलेली असे आणि त्या बर्फावर शर्टाचे एक निळे बटण.

"आपण बाहेरगावी असताना वीज गेली, सगळं वितळलं आणि परत गोठलं, तर कळणार कसं?" ते मला म्हणाले होते. "बटण वर दिसलं तर खुशाल खा. तळाशी गेलं असेल तर समजा, मधे घोटाळा झालाय."

"आणि त्यासाठी अंगातल्या चांगल्या शर्टाचं बटण तोडलं," बहीण फणकारली. "लोकांना वाटतं, ह्यांच्या घरात सुई-दोरा धरणारं कुणी नाही."

"लेक येऊन जाऊ दे, मग माझं मीच लावतो. तोवर ते पहाऱ्यावर आहे."

लेक, म्हणजे माझी भाची, परदेशी नोकरीला होती. तिच्यासाठी त्यांनी मसूर आणि गाजराचे सूप करून एका डब्यात गोठवले आणि फोनवर सांगितले, "तू ये. माझ्या हातचंच पहिलं जेवशील." त्यानंतर थोड्याच दिवसांत, खुर्चीत बसल्या बसल्याच, ते गेले. भाचीची कागदपत्रे तिकडच्या कचेरीत अडकली होती. वडिलांचे अंत्यदर्शनही तिला घडले नाही.

पुढे उन्हाळा ऐन भरात असताना तिला येण्याची परवानगी मिळाली. त्याच सुमारास एका सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, फ्रीझरचा आवाज बंद झालाय."

मी गेलो आणि क्रमाने एकेक शक्यता तपासली. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहिला. तो लागला, म्हणजे वीज होती. झाकणात कागदाची पट्टी धरून ओढली. ती घट्ट बसली होती, म्हणजे रबर शाबूत होते. मागच्या जाळीवरची धूळ झाडली, फ्रीझर भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, तापमानाची चकती फिरवली. यंत्र मुके ते मुकेच.

दुपारी मेकॅनिक आला. गलेलठ्ठ, बोलका गृहस्थ. मागचे पत्र्याचे आवरण उघडताच खोलीभर करपट वास पसरला.

"गेला हो काका. कॉम्प्रेसर जळून कोळसा झालाय." त्याने त्यावर तळहात ठेवला. "आणि आज नाही. केव्हाचाच मेलाय हा."

मग त्याने झाकण उचलले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बर्फ मात्र कडक आहे. चांगलं बंद ठेवलंत वाटतं."

शेजारणीने आपल्या फ्रीझरमध्ये जागा करून ठेवली होती. पण सुपाचा डबा तळाच्या बर्फाला असा चिकटला होता की हलेना. बहिणीने सुरी आणली, तसा मेकॅनिक ओरडला, "काकू, सुरी नको! आतल्या भिंतीतली गॅसची नळी फुटली तर अख्खा फ्रीझरच गेला. दोन-चार तास थांबा, आपोआप सुटेल. खाली टॉवेल पसरा, नाहीतर खोलीत होडी सोडावी लागेल."

जळका कॉम्प्रेसर काढून, नवा मिळाला की येतो असे सांगून तो गेला.

"वितळलं तर लगेच उकळून घे," मी बहिणीला म्हणालो. "खराब होणार नाही."

ती टॉवेलाची घडी घालत म्हणाली, "मी उकळलं की ते माझ्या हातचं झालं, दादा. त्यांनी तिला काय सांगितलं होतं?"



संध्याकाळी टॉवेल कोरडे होते. दुसऱ्या दिवशीही कोरडेच होते. बाहेर डांबर मऊ पडले होते, खोलीतला पंखा गरम हवा ढवळत होता, आणि झाकण उचलले की आतून श्वासासारखी थंडी वर येई. मी तापमापक आत ठेवला. पारा शून्याच्या खूप खाली गेला. डब्यावर नवे हिम धरले होते, पांढरे, बारीक, जणू कोणी हाताने पसरून नीट थापले असावे.

बटण बर्फावर होते.

मेकॅनिकचा फोन आला. "पुसलंत का पाणी?"

"पाणी झालंच नाही," मी म्हणालो.

"थट्टा करता काय गरिबाची?"

तो स्वतः आला. कॉम्प्रेसरच्या रिकाम्या जागेत त्याने वाकून पाहिले, तिथे हात फिरवला. मग झाकण उघडून तोच हात आत घातला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काकू," तो हळूच म्हणाला, "नवा मिळालाय, पण आज बसवत नाही. कुणाचं तरी काम चालू आहे. त्यात मी हात घालू नये."

त्याने आपली हत्यारे आवाज न करता उचलली.

भाची भल्या सकाळी पोहोचली. सामान दारातच टाकून ती आईच्या गळ्यात पडली. मग तिने विचारले, "मामा, बाबांचा डबा?"

आम्ही तिघे मागच्या खोलीत गेलो. आदल्या संध्याकाळीही मी तो डबा दोन्ही हातांनी ओढून पाहिला होता. तिने नुसती बोटे लावली.

डबा सुटला. सुटला म्हणणेही अचूक नाही. कोणी खालून वर द्यावा, तसा तो तिच्या हातात आला.

तिने स्वतःच तो मंद आचेवर ठेवला. बहिणीला चमच्यालाही हात लावू दिला नाही. पहिला घोट घेऊन ती थांबली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "नेहमीसारखंच."

तिने वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

तिने ती खाली ठेवली, तेव्हा मागच्या खोलीत पाण्याचा थेंब पडला.

मग दुसरा.

मग अखंड धार.

आम्ही पोहोचलो तेव्हा आतले सगळे हिम ओघळत होते. बर्फाची वाटी पाण्याची झाली होती. पाणी नितळ होते, तळ स्पष्ट दिसत होता.

तळाशी बटण नव्हते.

आम्ही फ्रीझर चाचपला. टॉवेल झटकले. लादीवर गुडघे टेकून शोधले.

भाचीचे कपडे भिजले होते. "आई, बाबांचा एखादा शर्ट दे," असे म्हणत तिने स्वतःच कपाट उघडले आणि निळा शर्ट काढला.

"तो नको गं," बहीण म्हणाली, "त्याला बटण..."



निळ्या शर्टाची सगळी बटणे जागच्या जागी होती. एकाभोवती पांढऱ्या दोऱ्याचे ओबडधोबड वेढे होते, घाईने घेतलेले, शेवटी दुहेरी गाठ. असे अडाणी टाके त्या घरात एकच माणूस घालत असे.

मी त्या बटणाला बोट लावले. दोरा ओला होता. बटण बर्फासारखे गार होते.

ज्यांनी आपला शब्द पुरा केला, त्या हातांना आता विसावा मिळो. आणि जिथे ते असतील, तिथे त्यांना ऊब लाभो.